धागा: स्क्रीनवर दाब २.५, वावरात सबमेन फुटलेली! 'सीआरसी एरर' म्हणजे नेमकं काय?

केळीबाग_रावेर | सोमवार, रात्री ९:१०

राम राम मंडळी. जरा लांबलचक आहे, पण डोक्याला ताप झालाय म्हणून सगळंच लिहितो.

रावेर तालुक्यात आमची केळीची कांदेबाग आहे. मागच्या वर्षी ड्रिपला ऑटोमेशन केलं. फिल्टरजवळच्या खोलीत पॅनेल आहे. तिथून एक केबल निघते, दोनशे मीटरवर मधल्या प्रेशर सेन्सरला जाते आणि तिथून आणखी दोनशे मीटरवर शेवटच्या सेन्सरला. वायरमन म्हणाला होता, "आरएस-४८५ आहे, वर मॉडबस चालतं, बाराशे मीटरपर्यंत बघायचं काम नाही." (आरएस-४८५ म्हणजे तारांवरून सिग्नल धाडायची पद्धत, मॉडबस म्हणजे त्यावर पॅनेल आणि सेन्सरनं बोलायची भाषा.)

गेल्या बुधवारी रात्रीची लाइट होती. अकराला मोबाइलवर बघितलं, शेवटच्या सेन्सरवर दाब २.५ किलो. दोनला उठून बघितलं, २.५. पहाटे पाचला २.५. सकाळी गेलो तर सबमेन, म्हणजे ओळींना पाणी देणारा पाइप, फुटलेली, चार ओळींत घोट्याएवढं पाणी आणि पुढच्या झाडांना थेंब नाही. स्क्रीनवर तेव्हाही २.५च! पॅनेलच्या आतल्या मेनूत शिरलो तर लिहिलेलं: सीआरसी एरर १८४३, टाइमआउट ९१२. ज्यांनी बसवलं त्यांना फोन केला तर म्हणे, "ते येतच असतात, रीसेट मारा."

दुसरी भानगड. मधला सेन्सर महिन्यापूर्वी बदलला, दुसऱ्या कंपनीचा घेतला. तो दाब ६४०० दाखवतो. कधी ६६५६, कधी ६१४४. एवढा दाब असता तर पाइप भुसावळला जाऊन पडला असता. गंमत म्हणजे या सेन्सरचं उत्तर एकही एरर न येता आलं, तरी आकडा असाच.

केबल बदलू, सेन्सर बदलू, की सगळं उपटून पुन्हा कॉक फिरवायला गडी लावू?

पॅनेलदुरुस्ती_जळगाव | सोमवार, रात्री ९:५२

दादा, काही उपटू नका. आधी एक सांगा, एरर मोटर चालू असतानाच वाढतात का? आणि मोटरला व्हीएफडी, म्हणजे वेग कमीजास्त करणारं यंत्र, आहे का?

तोवर केबलमध्ये काय चालतं ते सांगतो. मॉडबसमध्ये पॅनेल हा एकटाच विचारणारा. सेन्सर आपणहून तोंड उघडत नाही. पॅनेल त्याला आठ बाइटचं पत्र धाडतं, ते असं दिसतं:

०१ ०३ ०० ०० ०० ०१ ८४ ०ए

पहिलं ०१ म्हणजे एक नंबरच्या सेन्सरसाठी. ०३ म्हणजे रजिस्टर (सेन्सरमधला आकड्याचा खण) वाचून दाखव. पुढचे दोन बाइट कुठून वाचायचं, त्यापुढचे दोन किती वाचायचं. शेवटचे ८४ ०ए हा सीआरसी, म्हणजे आधीच्या सहा बाइटवरून काढलेली खूण. सेन्सर पत्र घेतो, तोच हिशेब स्वतः करतो आणि आपली खूण पत्रातल्या खुणेशी ताडून बघतो. जुळली तर उत्तर देतो. नाही जुळली तर गप्प बसतो. "चुकलं, पुन्हा सांगा" असंही म्हणत नाही. कारण पत्रच खराब आहे म्हटल्यावर ०१ हा पत्ता तरी खरा कशावरून? भलताच सेन्सर बोलायचा.

म्हणून तुमच्याकडे दोन मोजण्या आहेत. पॅनेलचा प्रश्न वाटेत बिघडला, सेन्सर गप्प बसला, तर टाइमआउट. सेन्सरचं उत्तर वाटेत बिघडलं तर सीआरसी एरर. दोन्हीकडे रोग एकच.

९६०० च्या वेगाला हे आठ बाइट साधारण ९ मिलिसेकंदांत जातात. व्हीएफडीच्या विजेच्या गोंगाटाचा एक फटका तेवढ्यात बसला की झालं.

अमळनेरना_भाऊ | सोमवार, रात्री १०:०५

माले काहीच समजनं नही भो. सीआरसी म्हणजे पावती शे का कुलूप?

चोपड्याच्या_बाई | सोमवार, रात्री १०:४८

दोन्ही नाही, भाऊ. ताळा.

शाळेत आम्ही गुणाकार झाला की नवाचा ताळा करून बघायचो. आकड्यातले अंक मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. ५३८ चा ताळा ५+३+८=१६, १+६=७. आता समजा मी तुम्हाला फोनवर "५३८, ताळा ७" असं सांगितलं आणि तुम्ही ५३९ ऐकलं. ताळा येईल ८. चूक सापडली. पण ५८३ ऐकलं तर? ताळा पुन्हा ७च. अंकांची अदलाबदल बेरजेला कळत नाही.

आता बेरजेऐवजी भागाकार करा. १३ ने भागू. ५३८ ला बाकी ५ राहते. ५८३ ला ११, आणि ३५८ ला ७. तेच तीन अंक, जागा बदलली की बाकी बदलली. सीआरसी म्हणजे हीच बाकी. फक्त भागाकार ०-१ मध्ये होतो आणि त्यात हातचा नसतो, म्हणून यंत्राला तो भराभर करता येतो. विल्यम वेस्ली पीटरसन यांनी १९६१ मध्ये ही रीत मांडली.

मॉडबसचा सीआरसी १६ बिटांचा. एक बिट उलटला, सापडतो. विषम संख्येनं बिट उलटले, सापडतात. सलग १६ बिटांच्या पट्ट्यात काहीही गोंधळ झाला तरी सापडतो. मोटरचा फटका असाच एका पट्ट्यात बसतो, म्हणून हा ताळा वावरात उपयोगी. याहून विस्कटलेली चूक निसटण्याची शक्यता ६५,५३६ त एक.

मुलांना सांगताना मी एक गोष्ट नेहमी बजावते. ताळा जुळला म्हणजे उत्तर बरोबर, असं नव्हे. ताळा नाही जुळला तर मात्र उत्तर नक्की चूक.

निवृत्त_एएसएम_भुसावळ | मंगळवार, सकाळी ६:२०

बाईंनी छान समजावलं. रेल्वेत असिस्टंट स्टेशन मास्तर (एएसएम) म्हणून आमची सगळी नोकरी यातच गेली, फक्त नाव वेगळं होतं.

गाडी सोडायच्या आधी गेटमनला फोन करायचा, "अमुक गाडी येते, गेट बंद कर." तो नुसतं "हो साहेब, केलं" म्हणाला तर चालायचं नाही. गेट बंद करून कुलूप लावल्यावर तो त्याच्या शीटवरचा प्रायव्हेट नंबर द्यायचा. दोन आकडी. मी तो रजिस्टरात लिहायचा, त्यानं त्याच्या वहीत. वापरलेला नंबर शीटवर लगेच खोडायचा. झोपेत कुणी "हो" म्हणेल, पण झोपेत बरोबर नंबर देणार नाही. दोन स्टेशनांमध्ये लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घेताना-देतानाही हाच शिरस्ता.

नंबर नाही आला तर? गेट उघडं आहे असंच धरायचं. "मघाशी तर बंद होतं" हे कारण चालत नाही. रावेरकर भाऊंच्या पॅनेलनं तेच कारण रात्रभर चालवलं, उत्तर येत नसताना शेवटचा जुना आकडाच दाखवत राहिलं.

आता वॅगनची गंमत सांगतो. यार्डात मालगाडीच्या डब्यावर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन डब्याचा प्रकार, पुढचे दोन मालक रेल्वे, पुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडे त्याचा स्वतःचा नंबर. अकरावा आकडा ताळ्याचा. समजा दहा आकडे आहेत ३१०५१२०४२७. सम जागांवरचे मिळवा: १+५+२+४+७=१९, तिप्पट ५७. विषम जागांवरचे: ३+०+१+०+२=६. एकूण ६३. पुढच्या दहाच्या पाढ्याला, म्हणजे ७० ला, किती कमी? ७. म्हणून पूर्ण नंबर ३१०५१२०४२७७. मे महिन्यात भुसावळच्या यार्डात दुपारी नंबर टिपायचे म्हणजे डोळ्यांपुढे काजवे. ४२ चं २४ झालं की बेरीज ५९ येते, ताळा १. नंबरटेकर तिथंच पकडला जायचा.

सेवाकेंद्र_शिरपूर | मंगळवार, सकाळी ११:३४

काका, माफ करा, पण तुमच्याच नंबरात शेवटच्या २७ चं ७२ करून बघा.

सम: १+५+२+४+२=१४, तिप्पट ४२. विषम: ३+०+१+०+७=११. एकूण ५३. ताळा ७! निसटला. ज्या दोन शेजारी आकड्यांत ५ चा फरक आहे, त्यांची अदलाबदल या रीतीला दिसत नाही. २७-७२, १६-६१, ०५-५०.

आमच्या केंद्रावर दिवसभर आधार नंबर टाइप करतो. एक आकडा चुकला की कित्येकदा नेट नसतानाही फॉर्म लाल होतो. लोक म्हणतात, "याला कसं कळलं?" आधारचा बारावा आकडा ताळ्याचाच आहे, व्हरहॉफ नावाच्या डच गणितज्ञाच्या रीतीचा. १९६९ ची आहे. एक आकडा चुकला तरी पकडते आणि शेजारच्या कुठल्याही दोघांची अदलाबदलही पकडते. पण तोंडी करायला अवघड, कोष्टक लागतं.

निवृत्त_एएसएम_भुसावळ | मंगळवार, दुपारी १२:१०

करून बघितलं. खरंच निसटतो. अख्खी नोकरी झाली, कुणी सांगितलं नाही. उभ्या उभ्या कागदावर करता यावं म्हणून सोपी रीत ठेवली असणार, असं मनाला समजावतो.

धुळ्याचा_पुण्यात | मंगळवार, दुपारी १:४५

नेटवर्कचं काम करतो, म्हणून दोन शब्द. आपण ज्यावर हे वाचतोय त्या इंटरनेटवर ताळा एकदा नाही, थरावर थर करतात. ऑफिसच्या केबलमधल्या इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमला, म्हणजे माहितीच्या एकेका गठ्ठ्याला, ३२ बिटांचा सीआरसी. त्याच्या आत टीसीपीचा (दोन टोकांच्या यंत्रांनी माहिती नीट पोचवायची पद्धत) स्वतःचा १६ बिटांचा ताळा, तो मात्र बाईंच्या पहिल्या प्रकारचा, साध्या बेरजेचा. १६-१६ बिटांचे दोन तुकडे जागा बदलून आले तर त्याला पत्ता लागत नाही.

मग फ्रेमला सीआरसी असताना आत हा कच्चा ताळा कशाला? मलाही कॉलेजात हेच वाटायचं. उत्तर असं, की सीआरसी फक्त एका तारेपुरता असतो. वाटेतल्या राउटरनं (एका तारेवरून दुसरीवर माहिती टाकणाऱ्या यंत्रानं) फ्रेम घेतली, ताळा जुळला, मग पुढच्या तारेवर टाकताना तो नवा ताळा काढतो. मधल्या वेळात राउटरच्या स्वतःच्या मेमरीत एखादा बिट उलटला तर नवा ताळा त्या चुकीच्याच मजकुरावर निघतो, आणि पुढे सगळे "जुळलं" म्हणतात. जोनाथन स्टोन आणि क्रेग पार्ट्रिज यांनी २००० साली खऱ्या नेटवर्कवर हे तपासलं. तारेवरचे सीआरसी असूनही टीसीपीचा ताळा न जुळलेली पाकिटं सापडली, कुठे ११०० त एक, कुठे ३२,००० त एक. म्हणून ताळा या टोकापासून त्या टोकापर्यंतही लागतो.

आणि चूक सापडल्यावर काय, हा वेगळाच विषय. टीसीपी खराब पाकीट निमूट फेकतो. पोच आली नाही की धाडणारा पुन्हा धाडतो. आता पोचच वाटेत हरवली तर तेच पाकीट दोनदा पोचेल, म्हणून प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. तोच क्रमांक पुन्हा आला की घेणारा दुसरी प्रत टाकून देतो. मोजमापाच्या काट्यावर पोत्याला नंबर घालतात तसं. व्हिडिओ कॉलला सहसा यूडीपी नावाची दुसरी पद्धत, तिथे हरवलेलं पुन्हा मागत बसत नाहीत, कारण ते येईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं.

कापूस_पारोळा | मंगळवार, दुपारी ३:२०

दोनदा पोचण्यावरून आठवलं. आमच्याकडे मोबाइलचा स्टार्टर होता, मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. एकदा कॉल लागला की नाही कळेना, म्हणून दुसरा दिला. झालं! पहिल्यानं चालू केली, दुसऱ्यानं बंद. मी घरी निवांत, विहीर भरलेली, कापूस कोरडा.

धुळ्याचा_पुण्यात | मंगळवार, दुपारी ३:४१

नेमकं! "उलट कर" हा हुकूम दोनदा धाडता येत नाही. "चालू कर" हा दहादा धाडला तरी मोटर चालूच. मॉडबसमध्ये कॉइलला (चालू-बंदच्या खणाला) चालू किंवा बंद असं स्पष्टच लिहितात, त्यामुळे शंका आली की बिनधास्त पुन्हा लिहा.

डिश_दोंडाईचा | मंगळवार, सायंकाळी ५:०२

आमच्या धंद्यात "पुन्हा धाड" म्हणायची सोयच नाही. घरावरची छत्री उपग्रहाला काय सांगणार? म्हणून तिथे दुरुस्तीचं सामान बरोबरच येतं. उपग्रह टीव्हीच्या डीव्हीबी-एस पद्धतीत १८८ बाइटच्या पाकिटाला १६ बाइट जास्तीचे जोडतात, रीड-सॉलोमन म्हणतात त्याला, १९६० ची रीत. त्या जोरावर पाकिटातले ८ बाइटपर्यंत बिघडले तरी इथल्या इथे दुरुस्त होतात. पावसात चित्राचे चौकोन झाले की समजायचं, आठच्या वर गेले.

चोपड्याच्या_बाई | मंगळवार, सायंकाळी ६:३०

याचं मूळ एका माणसाच्या वैतागात आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब या संशोधन संस्थेतले रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारी यंत्रावर गणित लावून जायचे. यंत्राला चूक सापडायची, की ते यांचं गणित सोडून पुढचं काम घ्यायचं. सोमवारी येऊन बघतात तर काहीच झालेलं नाही. चूक आहे एवढं कळतं, तर कुठे आहे हे का कळू नये, या हट्टातून १९५० मध्ये हॅमिंग कोड छापून आला. सात बिटांत चार कामाचे, तीन ताळ्याचे. तिन्ही ताळे मिळून नेमका कुठला बिट उलटला ते सांगतात.

केळीबाग_रावेर | मंगळवार, रात्री ८:१५

अरे बापरे, दिवसभर केळीच्या गाडीमागे होतो, इकडे तर कीर्तन रंगलंय!

जळगावच्या भाऊंना: हो, एरर मोटर चालू असतानाच वाढतात. व्हीएफडी आहे. आणि खरं सांगतो, केबल टाकताना दुसरी चारी खणायचा कंटाळा केला. मोटरच्या केबलच्याच चारीत टाकलीय, दीडशे मीटर बरोबर जाते.

पॅनेलदुरुस्ती_जळगाव | मंगळवार, रात्री ८:३३

हं. आता मल्टिमीटर घ्या. सगळा सप्लाय बंद करून पॅनेलच्या ए आणि बी टर्मिनलवर ओहम मोजा. केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टन्स असायला हवा. नाहीतर सिग्नल टोकाला आपटून माघारी येतो, विहिरीत हाक मारल्यावर येते तशी हाक. दोन १२० समांतर म्हणजे ६०, केबलचं धरून पासष्टच्या आसपास दिसायला हवं.

वायफाय_नंदुरबार | मंगळवार, रात्री ९:००

२०२० नंतरही केबल? वायरलेस बसवा, विषय संपवा.

पॅनेलदुरुस्ती_जळगाव | मंगळवार, रात्री ९:०४

भाऊ, केळी आठ-नऊ फूट वाढली आणि पानं भिजली की तुमचं वायरलेस त्या हिरव्या भिंतीतून कसं जातं ते आधी बघा. शिवाय हवेतही ताळा करावाच लागतो, उलट जास्त.

केळीबाग_रावेर | बुधवार, सकाळी ९:४०

मोजलं. ४६ ओहम.

पॅनेलदुरुस्ती_जळगाव | बुधवार, सकाळी ९:५५

मग तिसरा रेझिस्टन्स कुठेतरी लागलाय. मधला नवा सेन्सर उघडा, आत बारीक पांढऱ्या दांड्यांचा स्विच असेल, टर्मिनेशनचा. कंपनीतून तो चालूच येतो कधीकधी. बंद करा. तीन रेझिस्टन्स म्हणजे सिग्नलवर जास्तीचा भार, आवाज दबतो, वरून व्हीएफडीचा गोंगाट.

आणि ६४०० चं कोडं सोपं आहे. तुमचे तिन्ही आकडे २५६ ने भागा. २५, २६, २४. म्हणजे दाब २.५, २.६, २.४ किलो. सेन्सर बरोबरच मोजतोय! २५ हा आकडा दोन बाइटांत ०० १९ असा जायला हवा (सोळाच्या हिशेबात १९ म्हणजे आपले २५). मॉडबसचा नियम मोठा बाइट आधी. हा पठ्ठ्या उलटा पाठवतो, १९ ००. त्याचे झाले ६४००. पॅनेलच्या सेटिंगमध्ये त्या सेन्सरपुरता 'बाइट स्वॅप' चालू करा.

अमळनेरना_भाऊ | बुधवार, सकाळी १०:२०

पन मंग सीआरसीनं हाई कसं सोडी दिधं?

चोपड्याच्या_बाई | बुधवार, दुपारी ४:१५

कारण सेन्सरनं उलटं लिहून मग ताळा काढला. वाटेत काहीच बिघडलं नाही. पोस्टमननं पत्र जसंच्या तसं आणून दिलं, लिहिणाऱ्यानंच उलटं लिहिलं होतं.

केळीबाग_रावेर | रविवार, रात्री ८:५०

उशीर झाला, माफी असावी. स्विच बंद केला, आता ६६ ओहम. बाइट स्वॅपनंतर मधला सेन्सर २.५ दाखवतो. नवी चारी मोटरच्या केबलपासून चार फुटांवर खणली, दोन गडी दीड दिवस लागले. केबलवरचं धातूचं आवरण (शील्ड) फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ केलं. आधी रात्रीला शेकड्यांनी एरर यायचे. काल रात्री सीआरसी ३, टाइमआउट २. ते पॅनेलनं पुन्हा विचारून निभावले.

आणि एएसएम काकांचं ऐकून बसवणाऱ्यांच्या मागे लागलो. त्यांनी प्रोग्राममध्ये बदल केला. सलग पाच वेळा उत्तर आलं नाही तर जुना आकडा पुसून स्क्रीनवर नुसत्या तीन रेघा येतात, मोबाइलवर बेल वाजते आणि मोटर बंद पडते. आई म्हणते, "पहिले कसं छान २.५ दिसायचं, आता बिघडवून ठेवलं."

काल पहाटे सव्वातीनला बेल झाली. शेवटचा सेन्सर, तीन रेघा. बॅटरी घेऊन गेलो. मधल्या सेन्सरच्या पुढे, नव्या चारीचं तोंड अजून बुजवायचं राहिलं होतं तिथे, उंदरानं केबल कुरतडली होती. एक तार तुटलेली, दुसरी उघडी. सबमेन शाबूत होती. सकाळी केबल जोडून तिच्यावर पाइपाचा तुकडा घातला आणि चारी बुजवली.